नियमित रक्तदाता व्हायचंय? पहिल्या बाटलीनंतरचं खरं काम

पहिलं रक्तदान सहसा ठरवून होत नाही. गणपती मंडळाचं शिबिर असतं, कॉलेजात एनएसएसची मुलं वर्गात येऊन नावं लिहून घेतात, साहेबांचा वाढदिवस असतो, नाहीतर नात्यातलं कुणी ॲडमिट असतं. आपण रांगेत उभे राहतो, रक्त देतो, प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला ठेवतो. दुसऱ्या खेपेला मात्र कुणी हाक मारत नाही. आपलं आपणच उठून जावं लागतं आणि तिथेच बहुतेकांची गळती होते. म्हणून हा लेख दुसऱ्या, पाचव्या, पंचविसाव्या रक्तदानासाठी. पहिलं अजून व्हायचं असेल तरीही उपयोगी पडेल.

नियमितपणाचा एवढा आग्रह का, ते आधी सांगतो. रक्त साठवून ठेवता येतं, पण फार दिवस नाही. लाल पेशी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) फक्त ५ दिवस. उलट थॅलेसेमिया मेजर हा जन्मजात रक्ताचा आजार असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं, मग दिवाळी असो की मे महिना. आपल्याकडच्या शिबिरांचं कॅलेंडर मात्र सणावारांचं आणि जयंत्यांचं. शिवजयंती, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, गणेशोत्सव, २६ जानेवारी, शिवाय नेत्यांचे वाढदिवस. त्या दिवशी रक्तपेढीचे फ्रीज ओसंडून वाहतात. मे महिन्यात कॉलेजं बंद आणि अर्धं शहर गावी, दिवाळीच्या सुट्टीत तीच गत. तेव्हा त्याच पेढ्या दाता शोधत फोन फिरवत असतात. एका मंडळाने एका दिवसात हजार बाटल्यांचा विक्रम केला की माझ्या कपाळाला आठी पडते. त्यातल्या किती मुदतीत वापरल्या गेल्या, हे बॅनरवर कुणी छापत नाही.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या होतात. पण संसर्ग नुकताच झाला असेल तर काही दिवस तो तपासणीत दिसत नाही. म्हणून ज्याचं रक्त वर्षानुवर्षं तपासलं गेलंय आणि जो कुणाच्या दबावाखाली येत नाही, त्याची बाटली सगळ्यात भरवशाची. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे. त्यामागेही हेच कारण होतं.

आधी पेढी ठरवा

घर किंवा ऑफिसपासून अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येईल अशी एक रक्तपेढी शोधा. नव्या पाट्यांवर ‘रक्तकेंद्र’ असं लिहिलेलं असेल, गोष्ट तीच. सरकारच्या ई-रक्तकोष पोर्टलवर जिल्हा निवडला की जवळच्या पेढ्या आणि त्यांच्याकडचा साठा दिसतो. सरकारी रुग्णालयाची पेढी असेल तर उत्तम, कारण तिथला रुग्ण बहुधा असा असतो की त्याच्यासाठी धावपळ करणारं कुणी नसतं. पण हे माझं मत झालं. ट्रस्टच्या पेढ्याही चांगलं काम करतात.

पहिल्यांदा नुसतं जाऊन या. विचारा: रविवारी चालू असतं का, सकाळी किती वाजता सुरू होतं, रक्ताचे घटक वेगळे करायची सोय आहे का, दात्यांना आठवणीचा फोन किंवा मेसेज करता का. एकाच पेढीत जात राहिलं की तुमची नोंद, आधीचे रिपोर्ट, कुठल्या हाताची नस चांगली, सगळं तिथे राहतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी टेक्निशियन नावाने हाक मारतो आणि अर्धी भीती तिथेच संपते.

शिबिरात द्यायचंच नाही असं नाही. पण आयोजक हेल्मेट, मिक्सर किंवा बॅगा वाटत असतील तर दुसरीकडे जा. वस्तूसाठी आलेला माणूस फॉर्मवर खरं लिहीलच असं नाही.

तारखांचं गणित

पुरुषांसाठी दोन रक्तदानांत किमान ९० दिवस, स्त्रियांसाठी १२० दिवस. म्हणजे वर्षाला पुरुषांना चार आणि स्त्रियांना तीन वेळा देता येतं. नवख्याने पहिल्याच वर्षी चारचा आकडा गाठायचा हट्ट धरू नये. दोनने सुरुवात करा, आणि त्या दोन तारखा शिबिरांच्या गर्दीत नकोत. एक मेच्या मध्यात, दुसरी दिवाळीच्या सुट्टीत किंवा लगेच नंतर. त्या वेळी तुम्ही पेढीच्या दारात उभे राहिलात की स्वागत कसं होतं ते बघाच. हे अंगवळणी पडलं की तिसरी तारीखही धरा, पण वर सांगितलेलं अंतर राखून. त्यासाठी बाकीच्या तारखा थोड्या सरकवाव्या लागल्या तरी चालेल.

रक्त दिलं त्याच दिवशी, चहा पितापिता, पुढची तारीख मोबाइलमध्ये टाका. ‘तीन महिन्यांनी बघू’ म्हटलं की झालं, वर्ष निघून जातं. सोबत एक साधी नोंद ठेवा: तारीख, पेढी, हिमोग्लोबिन, कुठला हात. यातला हिमोग्लोबिनचा रकाना पुढे फार कामाला येतो.

नियमात बसता का

वय १८ पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो. ५५ किलोच्या वर असाल तर ३५० ऐवजी ४५० मिलिलिटर घेऊ शकतात. हिमोग्लोबिन स्त्री-पुरुष दोघांनाही १२.५ ग्रॅम किंवा जास्त. रक्तदाब वरचा १०० ते १४० आणि खालचा ६० ते ९० च्या दरम्यान. तो गोळीने आटोक्यात असेल तरी चालतं. बीपीची गोळी चालू म्हणजे आपण बाद, हा गैरसमज फार पसरलाय. मधुमेहाचंही तसंच: गोळ्यांवर असाल आणि गेल्या चार आठवड्यांत डोस बदललेला नसेल तर देता येतं. इन्सुलिन घेणाऱ्यांचं मात्र रक्त घेत नाहीत.

तात्पुरत्या अडचणींची यादी लांबलचक आहे, नेहमी लागणाऱ्या तेवढ्या सांगतो. टॅटू काढला किंवा कान टोचले तर १२ महिने. टायफॉइड झाला तर १२ महिने, डेंग्यूतून बरे झाल्यावर ६, मलेरियानंतर ३. दाढ काढली तर ६ महिने. मोठी शस्त्रक्रिया असेल तर १२. कुत्रा चावून रेबीजची इंजेक्शनं घेतली असतील तर वर्षभर थांबा. बाळंतपणानंतर १२ महिने आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत रक्त घेत नाहीत. पाळी चालू असताना तो आठवडा सोडून जा.

आणि उपवास! चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजानचा रोजा. श्रद्धेने उपवास करून त्याच दिवशी पुण्याचं काम म्हणून रक्तदानाला येणारे दरवर्षी दिसतात आणि दरवर्षी डॉक्टर त्यांना परत पाठवतात. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. तारीख पुढे ढकला. रात्रपाळी करून थेट येणाऱ्यांनाही हेच लागू. घरी जा, झोपा, दुसऱ्या दिवशी या.

आदली रात्र आणि ती सकाळ

सहा-सात तास झोप. आदल्या रात्री दारू नको. सकाळी पोटभर पण बेताचं खा. पोहे, उपमा, भाकरी-भाजी, जे रोज खाता ते. मिसळ आणि वडापाव नंतरसाठी ठेवा, कारण फार तेलकट खाल्लं की रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पिवळसर द्रव, दुधाळ होतो आणि वाया जाऊ शकतो. रक्त देण्याआधीच्या अर्ध्या तासात दोन मोठे ग्लास पाणी प्या. चक्कर टाळायचा याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. अर्ध्या बाह्यांचा किंवा सैल बाह्यांचा शर्ट घाला. सोबत ओळखपत्र आणि चालू औषधांची नावं.

पेढीत

आधी फॉर्म. प्रश्न खाजगी असतात: लैंगिक संबंध, नशेची इंजेक्शनं, मागचे आजार. मित्रांच्या घोळक्यात बसून एकमेकांचं बघून टिक करायचा हा कागद नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल आणि ते सगळ्यांदेखत सांगायचं नसेल, तर समुपदेशकाला बाजूला बोलावून सांगा. गोष्ट तिथेच राहते. तपासणीत काही निघालं तर कळवायचं का, असाही प्रश्न असतो. तिथे ‘हो’ लिहा आणि चालू असलेला मोबाइल नंबर द्या. एचआयव्हीची शंका म्हणून ‘फुकट तपासणी होईल’ या हिशेबाने रक्तदानाला येणं मात्र धोक्याचं आहे. त्यासाठी सरकारी रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणीचं केंद्र असतं, तिथे चाचणी मोफत आणि गुप्त असते.

मग हिमोग्लोबिन. काही ठिकाणी छोटं मशीन असतं, पण अजूनही बऱ्याच शिबिरांत निळं पाणी दिसेल. ते मोरचुदाचं द्रावण. बोटाला सुई टोचतात, पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचा थेंब वरून त्या निळ्या पाण्यात सोडतात. थेंबाभोवती लगेच तपकिरी कवच धरतं. द्रावणाची घनता अशी राखलेली असते की १२.५ च्या वरचा थेंब सरळ तळाला जातो, कमी असेल तो मध्येच लटकतो किंवा वर येऊ लागतो. पंधरा सेकंदांत निकाल. या पद्धतीत आकडा मिळत नाही, नुसता पास-नापास. म्हणून जिथे मशीन असेल तिथे आकडा विचारून वहीत लिहा.

खुर्चीवर किंवा खाटेवर आडवं केलं की दंडाला पट्टा, स्पिरिट-आयोडिनने सफाई, हातात स्पंजचा चेंडू. सुई जाड असते, उगाच खोटं सांगत नाही, पण दुखणं दोन-तीन सेकंदांचं. न बघायचं असेल तर तोंड फिरवा आणि टोचताना श्वास सोडा. रक्ताचा पहिला भाग तपासणीच्या नळ्यांसाठी बाजूला काढतात, उरलेलं पिशवीत जातं आणि खाली एक यंत्र ती पिशवी सतत हलवत ठेवतं, म्हणजे आतलं द्रावण मिसळून रक्त गोठत नाही. पाच ते दहा मिनिटांत होतं.

मध्येच कानात गुणगुण, घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच सांगा. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प राहणारे धडधाकट तरुणच जास्त पडतात. एक युक्ती शिकून ठेवा: पायावर पाय टाकून मांड्या आणि पोटऱ्या पाच-पाच सेकंद आवळायच्या आणि सोडायच्या. त्याने रक्त डोक्याकडे राहतं. सुई निघाल्यावर, उठायच्या आधीही हे करा.

नंतरचे काही तास

दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसा. बिस्किट आणि चहा किंवा सरबत घ्या, घाई करू नका. उशिरा येणारी चक्कर बाहेर पडल्यावर गाठते, म्हणून लोकलच्या दारात उभं राहायचं नाही आणि बाइक लगेच काढायची नाही. तासभर सिगारेट नको. त्या हाताने त्या दिवशी गॅसचा सिलिंडर, पाण्याची बादली, जिम यातलं काही नको. पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या. काळंनिळं झालं तर पहिल्या दिवशी बर्फ, नंतर शेक. आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. हाताला मुंग्या किंवा ठणका राहिला, सूज वाढली तर पेढीला फोन करा. पायलट किंवा बसचालकासारखं काम असेल तर पुढच्या पाळीच्या किमान २४ तास आधी रक्त द्या.

लोह: खरी गोम इथे आहे

नियमित दाते कशाने थांबतात? भीतीने किंवा कंटाळ्याने कमी, हिमोग्लोबिन खाली गेल्याने जास्त. दिलेल्या रक्तातलं पाणी दोन दिवसांत भरून येतं. लाल पेशी भरून यायला चार ते आठ आठवडे लागतात. पण एका रक्तदानात शरीरातलं दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम लोह निघून जातं आणि जेवणातून रोज शोषलं जातं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. रोजची मिळकत दोन रुपयांची आणि खर्च एकदम दोनशेचा, असा हा संसार. म्हणजे ९० दिवसांनी नियम परवानगी देतो, पण साठा भरलेला असतोच असं नाही. स्त्रियांचं तर पाळीतूनही जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यामुळे एखादीला ‘हिमोग्लोबिन कमी, पुढच्या वेळी या’ असं सांगून परत पाठवलं तर त्यात लाजायचं काही नाही, पण दुर्लक्षही करू नये.

घरात करता येण्यासारखं बरंच आहे. भाजी-आमटी लोखंडी कढईत करा. बाजरीची भाकरी, अळीव, राजगिरा, पालेभाज्या, मटकी-हरभऱ्याची उसळ जेवणात ठेवा आणि वर लिंबू पिळायला विसरू नका. क जीवनसत्त्वासोबत वनस्पतींतलं लोह जास्त शोषलं जातं. खात असाल तर मटण, कलेजी, मासे यांतलं लोह अधिक सहज अंगी लागतं. जेवणासोबत किंवा जेवण झाल्याबरोबर चहा नको, एक तास जाऊ द्या. आपल्याकडे ही सवय मोडणं कलेजी खाण्यापेक्षा अवघड, हे मान्य. गूळ-शेंगदाण्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. गुळाचं नाव मोठं आहे, लोह तेवढं नाही.

वहीतला आकडा बघत राहा. १४.५, १४, १३.२ असा उतरता क्रम दिसला तर तपासणीत नापास व्हायची वाट बघू नका. एक खेप सोडा आणि डॉक्टरांना विचारून फेरिटिन तपासा, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. लोहाच्या गोळ्या त्यांच्याच सल्ल्याने घ्या. गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल तर जंत, पोटातला रक्तस्राव किंवा थॅलेसेमिया मायनर यांची शक्यता पडताळावी लागते. पुरुषांच्या बाबतीत ‘कमजोरी असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

फॉरवर्ड, नातेवाईक आणि दुर्मीळ गट

‘अर्जंट, बी पॉझिटिव्ह हवं, पुढे पाठवा’ हा मेसेज आला की आधी तारीख बघा. नसेल तर रुग्णालयाच्या पेढीत फोन लावा, रुग्णाच्या नातेवाइकाला नव्हे. निम्मे मेसेज संपलेल्या गरजेचे असतात. माणूस बरा होऊन घरी गेलेला असतो आणि त्याच्या मुलाचा फोन मात्र महिनाभर वाजत राहतो.

आई-वडील, भावंडं, मुलं यांना थेट आपलं रक्त देण्याचा आग्रह धरू नका. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून त्याच्यावरच उलटण्याचा, क्वचितच होणारा पण जिवावर बेतणारा धोका असतो. अशा रक्तावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते. त्यापेक्षा तुम्ही पेढीला द्या आणि रुग्णाला साठ्यातली दुसऱ्याची बाटली लागू द्या. रक्ताची किंमत नसते, प्रक्रिया शुल्क असतं. दाता-कार्ड दाखवलं म्हणजे कुठेही रक्त फुकट मिळेल, हीही समजूत काढून टाका.

गट निगेटिव्ह असेल तर मोठ्या शिबिरात देण्याआधी थांबा. आपल्याकडे निगेटिव्ह लोक शंभरात पाचच्या आसपास. तुमची बाटली ४२ दिवसांत योग्य रुग्णापर्यंत पोहोचेलच असं नाही. पेढीत नाव नोंदवा आणि त्यांनी बोलावलं की जा. बॉम्बे ग्रुपवाल्यांसाठी तर हाच एक मार्ग. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट शोधला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण या लोकांना दुसरं कुठलंच रक्त चालत नाही, ‘ओ’सुद्धा नाही.

प्लेटलेट दान ही पुढची पायरी. वजन ५० किलो, प्लेटलेट दीड लाखांच्या वर आणि नस ठसठशीत हवी. मशीन रक्त घेऊन प्लेटलेट काढतं आणि बाकीचं परत सोडतं, तास-दीड तास जातो. ओठांना मुंग्या आल्या तर सिस्टरला सांगा, त्या कॅल्शियमची गोळी देतात. एका दात्याच्या या पिशवीने साधारण सहा बाटल्यांतल्या प्लेटलेटचं काम होतं. वर्षाला २४ वेळांपर्यंत मुभा आहे, पण नवख्याने आधी साधं रक्त चार-पाच वेळा द्यावं.

लांबचा पल्ला

वर्षाला चार धरले तर शंभर रक्तदानांना २५ वर्षं लागतात. शतकवीरांचे सत्कार बघून हुरूप येतो, पण मध्ये नोकरी बदलते, बाळंतपणं होतात, कुणाला कावीळ होते, कुणाचं ऑपरेशन. दोन-तीन वर्षांचा खंड पडला तरी नव्याने काही करावं लागत नाही. जुन्या पेढीत जा, फॉर्म भरा, निळ्या पाण्यात थेंब टाका. घर बदललं तर नव्या पेढीला आधीच्या रक्तदानाची तारीख खरी सांगा. आणि आईवडिलांपैकी कुणी साठीच्या उंबरठ्यावर असेल आणि ‘एकदा द्यायचंय’ म्हणत असेल तर त्यांना याच वर्षी घेऊन जा. साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा आलेल्या माणसाचं रक्त घेत नाहीत. आधीपासून देत आलेल्याचं ६५ पर्यंत घेतात.